चुकलेल्या बाटलीतली पूड

वाघमारे सर गेले त्याला आता सात आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी राणीसावरगावच्या कॉलेजात बारावीचं प्रॅक्टिकल घेत होते. पोरांचं टायट्रेशन संपेपर्यंत थांबले, ब्युरेट धुऊन घेतले आणि मग स्टाफरूममध्ये जाऊन रडले. सरांना हाच क्रम पटला असता... हातातलं काम अर्धं टाकलेलं त्यांना कधी खपलं नाही.

गंगाखेडच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. विषय सांगितला तरी आमच्या घरी कुणाला तो कळायचा नाही. धातूचे अणू आणि कार्बनी रेणूंच्या काड्या जोडून केलेले, आत खोल्याच खोल्या असलेले स्फटिक. त्या खोल्यांत करडईच्या तेलातली आम्लं शिरावीत आणि तिथं त्यांचं डिझेलसारखं इंधन व्हावं, एवढीच आमची अपेक्षा. तीन वर्षं मी निर्दोष स्फटिक बनवले. दिसायला देखणे, कामाला शून्य. मुदत संपत आली होती. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले बाबा अजून किती, हे आता नुसत्या डोळ्यांनी विचारायचे.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरा थर चढतो, म्हणून सर बाटल्यांत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड भरून ठेवायला लावायचे. एकदा घाईत मी एक बाटली नीट रिकामीच केली नाही. तळाला बोटभर अ‍ॅसिड, आणि त्यातच स्फटिकांचं मिश्रण घालून मी ती ओव्हनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर सिरक्याचा उग्र वास. काय झालं ते तिथंच कळलं, पण मी चूपचाप पूड धुतली, वाळवली आणि तेलात घातली. एरवी दोन दिवस रेंगाळणारी अभिक्रिया दुपारपर्यंत संपली. सर खूश. मी मात्र वहीत अ‍ॅसिडबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. निष्काळजी म्हणून काढून टाकतील, ही भीती. मग स्वच्छ बाटल्यांत तीनदा तेच केलं आणि तीनदा शून्य. सर रोज विचारायचे, त्या दिवशी वेगळं काय होतं? मी रोज म्हणायचे, काही नाही.

चौथ्यांदा मला तोंड लपवता येईना. सगळं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत, त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"काऊन भ्यायलीस? लिही. झाकून ठेवलीस तर हीच चूक परत कशी करशील?"

पुढचे सहा महिने आम्ही ती चूक मोजूनमापून केली. अ‍ॅसिड काही काड्यांची जागा घेतं आणि नंतर निघून जातं. तिथं भगदाड पडतं, त्यातून तेल आत शिरतं. सर म्हणायचे, मांडवाची एखादी बल्ली काढली की माणसं आत-बाहेर करतात, पण दहा काढल्या तर मांडव डोक्यावर येतो. किती काढायच्या, एवढाच माझा प्रबंध. त्यावर पदवी मिळाली, नोकरीही. पण ती वही सरांकडेच राहिली, मी ती पुन्हा उघडली नाही. ते पान आठवलं तरी कानशिलं तापायची.

गेल्या आठवड्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पेडगावच्या घरी बोलावलं होतं. कपाट आवरताना वही निघाली होती. "तुझीच हाय ही," त्या म्हणाल्या. "त्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई." मी तिथंच, कपाटासमोर खाली बसून ते पान काढलं. माझं बारीक, वाकडं अक्षर: बाटलीत अ‍ॅसिड राहिलं होतं. चूक माझी. आणि त्याखाली, मी कधीच न पाहिलेली, सरांची लाल पेनातली ओळ:

"चूक सोनालीची. मला सुचली नसती."

आता आमच्या प्रॅक्टिकलच्या टेबलावर ती वही असते, त्याच पानाला उघडी.