वडिलांचा एतबार

बीडच्या मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, मौलवीसाहेबांनी आम्हाला खिताबत शिकवली. खिताबत म्हणजे चारचौघांत बोलून माणसं आपल्या बाजूला वळवायची विद्या. युनानातल्या कुणा जुन्या शहाण्यानं सांगून ठेवलंय म्हणे, की ऐकणाऱ्याच्या मनात शिरायला तीन दरवाजे असतात. पहिला एतबार, म्हणजे बोलणाऱ्यावर लोकांचा भरवसा किती. दुसरा जजबात, ऐकणाऱ्याचं काळीज हलतंय का. तिसरा दलील, म्हणजे बोलण्याला काही आधार आहे की नुसतीच हवा. तिन्हींत एतबार थोर, असं मौलवीसाहेब म्हणायचे आणि मी मान डोलवायचो. मेंढक्याच्या पोराला हे शिकायला मिळतंय, याचंच मला अप्रूप होतं. आज ते दरवाजे आठवले की तोंड कडू होतं.

आमचं गाव नेकनूरच्या अंगाला. गावाला ओढ्यापासून बाभळबनापर्यंत गायरान होतं आणि आमची मेंढरं तिथंच चरायची. पिकं निघाली की वडील कळप लोकांच्या रानात बसवायचे. लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि ज्वारी आमच्या कणगीत यायची. आमची मेंढरं बसली नाहीत असं रान गावात सापडलं नसतं. त्या गायरानावर पाटलांचा डोळा गेला. ते आपल्या नावावर करून द्यावं म्हणून त्यांनी वर अर्ज केला, आणि महसूल खात्याचे गिरदावरसाहेब चावडीवर येऊन गावाचं म्हणणं ऐकणार असं ठरलं. गावानं हरकत घेतली तर गायरान राहणार होतं. नाही घेतली तर आम्हाला कळप विकावा लागणार होता.

मी तेव्हा सुटीत घरी आलेलो. वडिलांना समोर बसवून तिन्ही दरवाजे समजावून सांगितले. ते एका मेंढीच्या खुरातला काटा काढत ऐकत होते. खताचं सांगतो, खत सगळ्यांनाच लागतंय, एवढं म्हणून ते थांबले. मी म्हणालो, आधी आपण कोण ते लोकांपुढं मांडा. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "मला वळकत न्हाईत का लोकं?"

चावडीवर वडील आधी बोलले. खताचं सगळं नीट सांगितलं. मेंढरं गेली तर रानं निकस होतील, हे लोकांना पटत होतं. माना हलताना मी पाहिल्या.

मग पाटील उठले. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून लोकांच्या पायाशी ठेवला आणि रडायलाच लागले. म्हणे दुष्काळात त्यांची आई पाणी पाणी करत गेली. तिच्या नावानं त्या जागी विहीर पाडायची आहे, गावच्या गुरांसाठी दगडी हौद बांधायचा आहे. त्यांची आई चांगली म्हातारी होऊन, वाताच्या दुखण्यानं, लेकीसुनांच्या हातचं पाणी पिऊन गेली होती. हे चावडीवरल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण तिच्या तेराव्याला सगळेच जेवले होते. तरीही माणसं उपरण्यानं डोळे पुसत होती. मला त्या माणसांचा अजून राग येतो. पाटलांपेक्षा जास्त त्यांचा.

डोळे पुसून पाटील वडिलांकडं वळले. आमच्यात खंडोबाचा भंडार, म्हणजे हळद, हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. पाटलांना हे पक्कं माहीत होतं. ते म्हणाले, "गायरान तुमचं म्हणतोस ना? मग भंडार उचल अन् सांग, की तुझ्या आज्यापासनं एकबी साल खंड न पडता हितंच चारलंय."

वडिलांनी कमरेची पिशवी सोडली. चिमूटभर भंडार तळहातावर घेतला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला, एवढं एक वाक्य बोलून टाका. त्यांनी तो भंडार तसाच परत पिशवीत टाकला.

"एक साल न्हवतो," ते म्हणाले. "दुष्काळात गंगंकडं गेलतो, उमापूरच्या अंगाला."

त्या साली अख्खा गावच देशोधडीला लागला होता. मी उठून तसं ओरडून सांगितलं. गिरदावरसाहेबांनी हा कोण म्हणून विचारलं, आणि कुणीतरी मला हाताला धरून खाली बसवलं. शपथ घेता आली नाही म्हणजे मेंढक्याचा हक्क खोटा, असं ठरून गेलं. हरकत कुणीच घेतली नाही. कळप चौसाळ्याच्या बाजारात गेला. वडील गावची गुरं राखू लागले. विहीर पडली, पाटलांच्या मळ्यासाठी. हौदाचा एक दगडही आला नाही.

पुढं पाटलांचा शेजारच्या शेतकऱ्याशी त्याच जमिनीच्या हद्दीवरून तंटा झाला. पंचांचं कुणी ऐकेना. तेव्हा पाटील स्वतः चालत आमच्या दारात आले. चावडीवर वडिलांना अरेतुरे करणारा हा माणूस आता अदबीनं बोलत होता.

"तुमी भंडार उचलून हद्द दावा. तुमच्या शब्दावर गावाचा लई एतबार हाय."

ते गेल्यावर मी वडिलांना जाऊ नका म्हणालो. चिडून बरंच काही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हद्द हाय तिथंच हाय. ती मी कशी हलवू?"

सकाळी त्यांनी कपाळाला भंडार लावला, मूठभर हातात घेतला आणि ओढ्यापासून बाभळबनापर्यंत चालत गेले. गाव मागं चालत होतं. शेतकऱ्यानंही ती हद्द मानली. कुणी दलील मागितली नाही. पाटलांच्या गड्यांनी दुपारीच त्या पावलांवर काटेरी कुंपण घातलं. दिवस मावळताना वडील गावची गुरं घेऊन त्या कुंपणाच्या बाहेरून घरी आले.