तिरळ्या डोळ्यांच्या तिघी

आम्ही आठवीत होतो तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी कलकत्त्याहून एक पुस्तक आणलं. ते कुठल्या भाषेतलं आहे हे आणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिचे वडील मूळचे विट्याकडचे. तिकडच्या कितीतरी माणसांसारखं त्यांचंही परमुलखात गलाईचं दुकान होतं, म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं काम. वर्षातून एकदा ते गावी यायचे. मैत्रीण आईबरोबर आमच्या तासगावला आजोळी राहून शिकत होती. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना हे पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर दप्तरं घेतलेल्या मुली होत्या. एवढ्या पोरी दप्तर घेऊन चालल्यात म्हणजे शाळेचंच पुस्तक असणार, असा हिशेब करून त्यांनी ते मुलीसाठी घेतलं.

सुट्टी संपल्यावर तिनं ते शाळेत आणलं. आमच्या बाकावर आम्ही तिघी बसायचो. एक ही गलाईवाल्यांची मुलगी. तिला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता यायचा आणि त्यामुळे वर्गात निम्म्या वेळा ती उभीच असायची. दुसरी बाजारपेठेतल्या बांगडीवाल्या चाचांची मुलगी, कमी बोलणारी, हातात पेन्सिल आली की वहीच्या समासात फुलं-पानं काढत बसणारी. आणि तिसरी मी. माझ्याकडे विशेष काही नव्हतं. मला गोष्टी रचायला आवडायच्या, इतकंच.

पुस्तकभर चित्रं होती. बटबटीत मोठ्या डोळ्यांच्या मुली आणि त्यांच्या तोंडाजवळ फुग्यांत उभी, किचकट अक्षरं. आम्ही नेहमीसारखं डावीकडून बघायला सुरुवात केली. एक मुलगी ओलीचिंब घरी पोचते, मग ओढ्यात असते, मग कोरडी होऊन काठावर उभी राहते. दुसरीकडे एकीचं रिकामं ताट जेवता जेवता भरत जातं. आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी बांगडीवाल्यांची मुलगी म्हणाली, "हे आमच्या अरबीच्या पुस्तकागत हाय. उजवीकडनं उघडून बघ." ती रोज सकाळी शाळेआधी अरबी वाचायला जायची. आम्ही पुस्तक उलटं केलं आणि सगळं सुलट झालं.

सुलट झाल्यावर मजा जरा कमी झाली हे खरं. पण दुसरंच काहीतरी झालं. ती तीन मैत्रिणींची गोष्ट होती. त्या शाळेत जायच्या. एकीला उशीर व्हायचा, एक डबा विसरायची, एक तासाला झोपायची. बस्स. तोपर्यंत आम्ही पाहिलेल्या चित्रांच्या पुस्तकांत देव असायचे, राजे असायचे, नाहीतर शेवटी तात्पर्य सांगणारे कोल्हे-करकोचे. इथे कुणाचा वध होत नव्हता, कुणाला वर मिळत नव्हता. उशीर झाला, बाई रागावल्या, गोष्ट संपली. आपल्यासारख्या मुलींचं, काहीही न घडणारं आयुष्य कुणीतरी बसून, इतकं मन लावून काढलंय, याचं मला नवल वाटत राहिलं. आपणही आपलं काढू शकतो हा विचार तिथूनच आला. तो आधी कुणाला सुचला हे आज सांगता येणार नाही. बहुधा तिघींना एकदमच.

गोष्ट मी रचायची, चित्रं बांगडीवाल्यांच्या मुलीनं काढायची, आवाज गलाईवाल्यांच्या मुलीनं द्यायचे, असं ठरलं. पहिली चित्रं झाली तेव्हा त्यांतल्या एकाही माणसाला डोळे नव्हते. मी विचारलं तर ती म्हणाली, डोळे मी नाही काढणार, ते तू काढ. तिच्या दादीनं तिला लहानपणी सांगितलं होतं की माणसाच्या चित्राला डोळे दिले की आपण त्यात जीव घालायला गेल्यासारखं होतं, आणि ते काम आपलं नव्हे. तिनं हे इतक्या सहज सांगितलं की आम्हालाही त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या घरी संकष्टीला माझी आई चंद्र दिसल्याशिवाय जेवत नसे, तसंच हे.

मला चित्रकला मुळीच येत नव्हती. तिनं इतक्या नेटक्या काढलेल्या मुलींना मी पुस्तकातल्यासारखे मोठे डोळे काढायला गेले आणि एकही जोडी सरळ उतरली नाही. एक डोळा फळ्याकडे तर दुसरा खिडकीबाहेर. मला रडू यायचं बाकी होतं. गलाईवाल्यांची मुलगी मात्र ते बघून एवढी हसली की बाकावरून खाली घसरली. ती म्हणाली, हे असंच ठेवायचं. बाई रागावतात आणि त्यांना कळतच नाही आपण कुणाकडे बघतोय. आमच्या मालिकेतला निम्मा विनोद असा माझ्या वाईट हातातून आला.

चित्रं दाखवायची युक्तीही हळूहळू जमली. द्राक्षांच्या रिकाम्या लाकडी पेटीला समोरून चौकोनी खिडकी पाडली. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू खळीनं एकमेकींना चिकटवून लांब पट्टा केला आणि तो दोन लाटण्यांवर गुंडाळला. एक लाटणं फिरवलं की चित्र पुढे सरकायचं. लाटणी मिळायला अडचण पडली नाही, कारण आमच्या घरांत रोज भाकरी, लाटणं लागायचं ते सणावाराला. शेवटी एक हलतं चित्र असायचं. एकावर एक दोन कागद, वरचा पेन्सिलीवर गुंडाळलेला. पेन्सिल भराभर मागेपुढे केली की खालीवर काढलेली दोन चित्रं मिसळून मुलगी उडी मारताना किंवा बाई छडी हलवताना दिसायच्या. ही युक्ती गलाईवाल्यांची मुलगी एका सुट्टीत वडिलांकडे कलकत्त्याला गेली होती तेव्हा शिकली होती. त्या वेळी आमच्या गावात टीव्ही पोचला नव्हता. हलणारं चित्र म्हणजे तंबूतला सिनेमा, नाहीतर आमची ही पेटी.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या चिंचेखाली आमचा खेळ व्हायचा. मी लाटणं फिरवायची आणि एकटी गलाईवाल्यांची मुलगी सगळ्यांचे आवाज काढायची, मुलींचे, बाईंचे, शिपायाचे, घंटेचासुद्धा. आधी आमच्या वर्गातल्या मुली आल्या, मग नववीच्या. पुढच्या शनिवारी काय होणार, असं विचारायला लागल्या. काय होणार, कुणीतरी गणवेश उलटा घालून येणार. तेवढ्यासाठी त्या थांबायच्या.

थंडीत मला कावीळ झाली. बरेच दिवस घरी पडून होते. उसाचा रस आणि भात, दुसरं काही मिळायचं नाही. शनिवार बुडणार याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. पण त्या शनिवारी संध्याकाळी दोघी मला बघायला आल्या आणि त्यांचे चेहरे नुसते फुलले होते. खेळ झाला होता. चित्रकार मैत्रिणीनं माझ्याशिवाय मार्ग काढला होता. दुपारचा भूगोलाचा तास आणि सगळा वर्ग झोपलेला. सगळ्यांचे डोळे मिटलेले, म्हणजे प्रत्येकीला दोन आडव्या रेघा. शेवटी बाईही झोपतात. जागी फक्त एक माशी, ती एकीच्या नाकावरून दुसरीच्या नाकावर फिरते. माशीच्या डोळ्यांचं काय केलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "माशीचं डोळं कुणाला दिसत्यात?" गलाईवाल्यांच्या मुलीनं शब्द एकही न वापरता नुसतं घोरून दाखवलं होतं, प्रत्येकीचं वेगळं. माझ्या खाटेशी बसून तिनं ते सगळं घोरणं परत केलं. स्वयंपाकघरातून आईही ऐकायला येऊन बसली.

तो आमच्या मालिकेतला सगळ्यात चांगला भाग होता असं पुढे सगळ्या म्हणायच्या. मी खूप हसले त्या दिवशी. त्या गेल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्यावाचून अडलं नव्हतं. चांगलं झालं असं मनापासून वाटत होतं आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचतही होतं. दोन्ही खरं असतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भूगोलाच्या बाईंना ही गोष्ट कळणार होतीच. मी शाळेत जायला लागले त्याच आठवड्यात त्यांनी पेटी मागवून घेतली. आम्ही तिघी टेबलापाशी माना खाली घालून उभ्या. बाईंनी स्वतः लाटणं फिरवत पट्टा शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, अंबाडा बरा काढलाय, पण त्यात मी पेन खोचते ते राहिलं. आणि स्नेहसंमेलनात हे सगळ्या शाळेला, पालकांना दाखवायचं असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

गलाईवाल्यांची मुलगी उड्या मारत होती. चित्रकार मैत्रिणीनं मात्र पट्टा गुंडाळायला घेतला. संमेलनाला पालक येणार म्हणजे तिचे अब्बाही येणार, आणि घरी यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, त्यांना तिथे कळण्याआधी मी सांगते, पण तुम्ही बरोबर चला.

चाचा दुकानात एका बाईला बांगड्या भरत होते. ते काम पुरं होईपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो. ती बाई गेल्यावर त्यांनी हात पुसले, पट्टा गादीवर उलगडला आणि एकेक चित्र बघत गेले. 

"कुणी काढलं हे?"

"मी, अब्बा."

"आन् डोळं?"

"ते मी काढलेत, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. "म्हणून समदी तिरळी हाईत व्हय," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्यांनी मुलीला विचारलं की डोळे तू का नाही काढलेस. तिनं दादीचं सांगितलं. 

"तू दादीचं ऐकलंस, चांगलं केलंस. पण जे तुला करू नये वाटतंय, ते मैत्रिणीकडनं का करून घेतलंस?"

 मला वाटलं आता पट्टा फाटणार. ती खालच्या आवाजात म्हणाली, "तिच्या घरात चालतंय, अब्बा. आन् तिला लय आवडतंय."

चाचांनी पट्टा हळूहळू परत गुंडाळला, कडा एकसारख्या करून, बांगड्यांच्या पुड्याला दोरा बांधतात तसा त्याला दोरा बांधला आणि माझ्या हातात दिला. शाळेत दाखवा म्हणाले. घरात मात्र भिंतीला काही लावायचं नाही, दादीच्या जिवाला लागेल. त्यांचं स्वतःचं मत काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढेही कधी विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

संमेलनाला ते आले, मागे दाराशी उभे राहिले. सगळी शाळा हसत होती. ते हसले का हे मला माहीत नाही. मी लाटण्याशी होते.

पुढच्या दिवाळीत गलाईवाल्यांचं सगळं कुटुंब कलकत्त्याला गेलं. वडिलांना एकट्यानं राहवत नव्हतं, आणि मुलगी तिथल्या शाळेत शिकेल असं ठरलं. आम्ही दोघींनी मालिका चालू ठेवायचा प्रयत्न केला. आवाज मी दिले. बाई, शिपाई, मुली, सगळे माझ्यासारखेच बोलायचे. मुली शेवटपर्यंत बसल्या, पण पुढच्या शनिवारी कमी आल्या. मग आम्हीच पेटी बंद केली.  काही दिवस कलकत्त्याहून पोस्टकार्डं आली, मग थांबली.

मी शिक्षिका झाले, साताऱ्यात स्थायिक झाले. बांगडीवाल्यांच्या मुलीला चाचांनी चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षांना बसू दिलं. तिथे वस्तुचित्र होतं, नक्षी होती. तिनं दोन्ही परीक्षा चांगल्या दिल्या. पुढे तिचं लग्न मिरजेत सतारी बनवणाऱ्या घरात झालं. सतारीच्या भोपळ्यावर आणि दांडीवर वेलबुट्टी काढायचं काम त्या घरात पुरुष करायचे. एकदा सासरे आजारी असताना तिनं एक सतार पुरी करून दिली, आणि तेव्हापासून ते काम तिचंच झालं.

मध्यंतरी माझ्या भाचीची मुलगी मोबाइलवर एक मालिका बघत बसली होती. जपानी पद्धतीची हलती चित्रं, आमच्या त्या पुस्तकातल्यासारख्याच मोठ्या डोळ्यांच्या शाळकरी मुली, एकीचा डबा हरवलेला. मी तिच्या शेजारी बसून दोन-तीन भाग पाहिले. तिला वाटलं आजीला काही समजत नसेल, म्हणून ती मला समजावून सांगत राहिली. मी तिला सांगू दिलं. दुसऱ्या आठवड्यात मी मिरजेची गाडी पकडली.

मैत्रीण कामाच्या खोलीत भोपळा मांडीत घेऊन बसली होती. गुडघ्यांची, सुनांची, औषधांची चौकशी झाल्यावर मी तिला मोबाइलवर ती मालिका लावून दिली. तिनं चष्मा पुसून एक भाग नीट बघितला. "ह्या पोरी लय भराभर बोलत्यात," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "ती कुठं असंल गं आता?" आम्ही दोघींनी बराच वेळ अंदाज केले. कलकत्त्यालाच असेल, नातवंडं बंगाली बोलत असतील, कदाचित आमच्यासारखीच दुखरी कंबर घेऊन बसली असेल. विट्यात कुणाला तरी विचारायचं असं ठरलं. कुणाला विचारायचं हे तिला सुचलंही, तिच्या दिराचं एक गिऱ्हाईक तिकडचं होतं.

भोपळ्यावरची वेल अर्धी झाली होती आणि रंग वाळायच्या आत ती पुरी व्हायला हवी होती. मला म्हणाली, बोलत बस, पण भोपळा एका बाजूनं धर. मी धरला. साताऱ्याची शेवटची गाडी सोडून दिली आणि त्या दिवशी तिच्याकडेच राहिले.