रानातलं घर, दोघांचं बुकिंग

बुधवारी संध्याकाळी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली हातात घेऊन मी ओट्यावर तशीच उभी राहिले. सत्तावीस वर्षांच्या संसारात घर बंद करून निघायची वेळ आलीच नव्हती. मखमलाबादच्या बाजूला आमचा गुलाबाचा मळा. गुलाब रोज पहाटे तोडायचा आणि उजाडायच्या आत पंचवटीच्या फूलबाजारात पोचवायचा. त्याला सुट्टी नाही. त्यामुळे लग्न असो, मयत असो, वणीला देवीचं दर्शन असो, आमच्यातलं एकच जण जायचं. लोक विचारायचे, "एकट्याच आलात?" मी म्हणायची, "फुलं आहेत ना. एकाला थांबावं लागतं." ह्यांना विचारलं तर तेही हेच सांगायचे.

मग एका वर्षी जुनी झाडं काढून नवीन लावायची ठरली. दिवाळीनंतर महिनाभर मळा रिकामा राहणार होता. ह्यांनी पेपरातलं कात्रण आणलं. दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या बाजूच्या दाट रानात एका नवरा-बायकोने घराशेजारी दोन मातीच्या खोल्या बांधल्या होत्या आणि तिथे पाहुणे ठेवत होते. ह्यांनी फोन करून बुकिंग केलं. जायला आठ दिवस राहिले असताना मळ्यातच छातीत कळ आली आणि हे वारले.

ती २००५ सालची गोष्ट. पुढच्या वर्षी मळा मी दिराला वाट्याने दिला. दिवाळीची आवराआवर करताना पंचांगात ते कात्रण सापडलं. दोन दिवस टीव्हीवर ठेवलं, तिसऱ्या दिवशी नंबर फिरवला, नाशिकहून बोलतेय, गेल्या वर्षी यायचं राहिलं म्हणून सांगितलं. पलीकडून आवाज आला, "हां हां, नाशिकचे गुलाबवाले. दोघां येतास मा?" मी म्हटलं, "हो."

का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. फोनवर अनोळखी माणसाला काय सांगायचं, एवढंच तेव्हा वाटलं असेल.

जाणार असाल तर नाशिकहून कोल्हापूरची रात्रीची एसटी धरा. सकाळी कोल्हापुरात उतरून मी मिसळ खाल्ली. आम्हा नाशिककरांना दुसऱ्या गावची मिसळ पटत नाही, पण भूक होती. तिथून आजऱ्यावरून सावंतवाडी. आंबोलीच्या घाटात पोटात ढवळतं, लिमलेटच्या गोळ्या जवळ असू द्या. सावंतवाडीहून दोडामार्गची गाडी, आणि शेवटचे सहा किलोमीटर घरमालक दत्तारामभाऊ जीप घेऊन नेतात. सामान कमी न्या. जीप थांबते तिथून घर शंभरेक पायऱ्या खाली आहे.

भाऊंनी माझ्या मागे बघितलं. गाडीतून अजून कुणी उतरतंय का, याची वाट बघितली. मग माझी पिशवी उचलून जीपमध्ये ठेवली. घरी पोचल्यावर त्यांची बायको, सुनंदाताई, हात पुसत बाहेर आली आणि तिने सरळ विचारलं, "मालक नाय इले?"

"फुलं आहेत ना," मी म्हटलं. "एकाला थांबावं लागतं."

तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय. माझ्या कपाळावर मुलीच्या हट्टाने लावलेली टिकली असते, गळ्यात साधी चेन. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

"काय ती फुलां," सुनंदाताई म्हणाली. "मगे जेवाक कोण घालता त्यांका?"

"जाऊ आहे शेजारी."

हे दुसरं खोटं. पहिलं सवयीने गेलं, हे मात्र मी जाणून बोलले.

खोली चांगली आहे. शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, लाकडी पलंग, मच्छरदाणी. वीज असते आणि नसते. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, संडास वीस पावलांवर. माणशी रोजचे चारशे रुपये, त्यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं. मला पलंगावर दोन उशा दिसल्या, खुंटीवर दोन पंचे, कोनाड्यात दोन तांबे. मी एक उशी उचलून पायाशी ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा जागेवर ठेवली.

शुक्रवारी सवयीने चार वाजता जाग आली. तोडायला काही नव्हतं. पडून ऐकत राहिले. त्या रानात पाऊस नसतानाही टपटप चालूच असते, पानांवरून दव गळतं. उजाडतं फार उशिरा, कारण झाडं इतकी उंच आणि एकात एक गेलेली की ऊन खाली यायला नऊ वाजतात. मी आयुष्यभर झाडांत काम केलं, पण माझी सगळी झाडं माझ्या कमरेएवढी. इथे मान मोडेपर्यंत वर बघायचं. बुंध्यांवर झाडं, त्या झाडांवर शेवाळ, फांदीला लटकलेली पांढरी फुलं. कोणी तोडत नाही, कोणी पाणी घालत नाही. धनेश पक्षी डोक्यावरून गेला तर पंखांचा आवाज अंगावर आला. बघा म्हणून सांगायला मान वळवली, आणि तशीच पुढे केली.

खाली ओढ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांना एका बाजूने बांबूचा कठडा आहे. मी तो धरून उतरत होते तेव्हा भाऊ म्हणाले, "ह्यो तुमच्यासाठीच बांधलंय."

"माझ्यासाठी?"

"गेल्या वर्षी. तुमच्या मालकांनी फोनवर इचारल्यानी, पायऱ्या किती? मी म्हटलंय, ओढ्यापर्यंत चाळीस. म्हणाले, बायकोचे गुडघे दुखतात, धरायला काही आहे का? नव्हता. मगे केलंय."

मला हे माहीत नव्हतं. घरी माझे गुडघे दुखतात म्हटलं की हे म्हणायचे, बाम लाव. मी ओढ्यापर्यंत गेले, पाण्यात पाय सोडून बसले. भाऊ बोलत होते. ह्यांनी त्यांना गुलाबाचं कलम देतो म्हणून सांगितलं होतं, अर्धा तास गप्पा मारल्या होत्या, इथल्या मातीचा रंग विचारला होता. "आता पुढच्या वेळी घेऊन येऊ देत," भाऊ म्हणाले. मी "हो, सांगते," म्हटलं.

एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात जळवा कमी असतात, पण असतात. तंबाखूची पूड मोज्यांवर चोळा.

शनिवारी दुपारची जेवणं झाल्यावर सुनंदाताई मागेच लागली. "पोचलंय म्हणान फोन तरी करा त्यांका. वाट बघीत आसतले." मी म्हटलं, राहू दे, उगाच बिल. तिने ऐकलं नाही. त्यांचा फोन घरातला दिसतो तसाच, पण बिनतारी; त्याला रेंज फक्त अंगणात तुळशीजवळ. भाऊंनी तो फोन उचलून अंगणात आणला, गेल्या वर्षीच्या वहीतून आमचा नंबर काढला, फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

घंटी वाजायला लागली.

ती आमच्या बंद घरात वाजत होती. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, स्टुलावर. मला ते स्टूल दिसत होतं, लावलेल्या खिडक्या दिसत होत्या. मी ठेवून द्यायला हवं होतं. पण मी ऐकत राहिले. वाजता वाजता एक क्षण असा आला की मला वाटलं, आता उचलतील. हे फोन घ्यायला नेहमीच उशीर करायचे, हाताची माती धुऊन यायचे.

घंटी आपोआप बंद झाली.

"मळ्यात गेले आसतले," सुनंदाताई म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "या वेळी मळ्यातच असतात."

खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. घरी, गावात, मुलीच्या फोनवर, सगळीकडे ह्यांच्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली करतात. इथे सुनंदाताई खुशाल म्हणायची, "तुमच्या मालकांका तिखट चलता की नाय?" मी सांगायची, चालतं, वर ठेचा लागतो. "मगे कोकणात उपाशी मरतले," ती म्हणायची आणि आम्ही हसायचो. संध्याकाळी खोलीत आले की मात्र दुसऱ्या उशीकडे पाठ करून बसायची. तिने ह्यांच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली भरून ठेवली होती, फणसाचे तळलेले गरे बांधले होते. ती बाई एवढ्या विश्वासाने बांधत होती, आणि मी बघत होते. सांगायचं कसं? मी ते कधीच सांगितलं नव्हतं. ह्यांच्या वेळी सगळे फोन दिराने केले. मुलीलाही त्यानेच कळवलं. लोक आले ते कळूनच आले. ते शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

रविवारी निघायचं होतं. दहाची गाडी. नऊच्या सुमाराला सुनंदाताईने पाट मांडला आणि म्हणाली, "बसा, ओटी भरतंय." ताटात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. सवाष्ण बाई घरून निघाली की ती भरतेच. मी बसले. तिने बोटावर कुंकू घेतलं आणि हात पुढे केला.

मला शुभ-अशुभाचं काही वाटलं नाही. पण ती मनापासून करत होती, आणि तिला मी फसवत होते. मी तिचं मनगट धरलं.

"थांबा ताई. हे नाहीत. गेल्या वर्षी वारले."

ती तशीच वाकून राहिली. मग बसली. ताट बाजूला सरकवलं.

"मगे काल फोन केलंव तो?"

"घरी कोणी नव्हतं."

"माका आधी सांगूक काय झाला होता?" आवाज चढला होता तिचा. "मी येड्यासारखी गरे बांधतंय त्यांच्यासाठी."

"मला सांगता येईना."

बराच वेळ ती कुंकवाचं बोट पदराला पुसत राहिली. राग जायला वेळ लागला, आणि तो तिने लपवला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कशान गेले?"

मी सांगितलं. पहिल्यापासून. पाटी कुठे पडली होती, चप्पल कुठे होती, पाण्याचं मशीन चालूच राहिलं होतं. अधूनमधून ती "मगे?" एवढंच म्हणायची. भाऊ पायऱ्यांवरून हाक मारत आले, "गाडी जाईत हां!" आणि दारात थांबले.

"जाऊ दे," सुनंदाताई म्हणाली. "दुपारची आसा. बसा हयसर. ह्यांचे मालक गेले."

भाऊ डोक्यावरची टोपी काढून खाली बसले. दुपारच्या गाडीपर्यंत त्या घरात चूल पेटली नाही. आदल्या दिवशीची पेज होती, तीच तिघांनी खाल्ली.

येताना तेच रस्ते, तोच घाट. सोमवारी सकाळी घर उघडलं, खिडक्या उघडल्या. जाऊ चहा घेऊन आली, कसं होतं म्हणून विचारलं. मी रानाचं सांगितलं.

जावं का, असं कुणी विचारलं तर जा. राहण्याची गैरसोय होईल, पण माणसं चांगली आहेत. मी पुन्हा जाईन की नाही, माहीत नाही. इथे सगळ्यांसाठी हे कार्तिकात वारले. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मी चहाला दूध पुरेल का बघत होते. त्या रानातल्या घरात मात्र हे रविवारी सकाळी गेले, नऊच्या सुमाराला, आणि तेव्हा मी त्यांच्यापाशी बसून होते.