सूर्याची बारा शून्यं

"सूर्य पंधरा वर्सात इजणार, ह्ये छापलं कुनी?"

भाऊराव तात्या छापखान्याच्या दारात उभे होते. हातात आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक. तात्या म्हणजे पणदऱ्याचे मोठे ऊसवाले आणि बारामतीतल्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. त्यांनी नुसतं खाकरलं तरी मास्तरलोक उठून उभे राहत.

मी कंपोझिटर. म्हणजे खिळे जुळवणारा. खिळा म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर. ते हातातल्या स्टिकवर ओळीनं लावायचं, ओळी झाल्या की पानभर एकत्र आवळून फर्मा बांधायचा आणि मशीनवर चढवायचा. आयुष्य त्यातच गेलं. ही हकीगत एकोणीसशे तीसनंतरच्या दशकातली, मी नवखा होतो पण स्वतःला उस्ताद समजत होतो तेव्हाची.

"लेख बापट मास्तरांचा आहे," आमचे मालक अण्णा घाईघाईनं म्हणाले. झालं, हात झटकून मोकळे.

"मग त्येचंच बगतो. ह्यो लेख वाचून इंदापूरच्या पाव्हण्यांनी आमच्या पोराची सोयरीक थांबवली. म्हंत्यात, पोरीनं काय अंधारात संसार करायचा? रविवारी कमिटी हाय. मास्तरला नारळ देतो!"

तात्या गेले. चूक कुणाची ते मला पक्कं ठाऊक होतं.

बापट मास्तर गणित शिकवत. विलायती मासिकं मागवून वाचत. विश्व फुगतंय, ताऱ्यांचे मोठाले पुंजके एकमेकांपासून लांब पळताहेत, असा तो लेख होता. शेवटी सूर्य किती वर्षं टिकेल त्याचा आकडा होता. पंधरा, आणि त्यापुढे बारा शून्यं. तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा तसा अंदाज होता. पुढे त्यांनीच त्यातली बरीचशी शून्यं उडवली म्हणतात, पण त्यांना कुणी नारळ दिल्याचं ऐकलं नाही.

मी लेख जुळवत गेलो आणि पंधरापाशी अडलो. शून्यांचा खण रिकामा! त्याच आठवड्यात मतदारांची यादी बांधून ठेवली होती, सगळी शून्यं तिच्यात अडकलेली. मग मी शून्यांच्या जागी कोरे खिळे बसवले. त्यांना स्पेस म्हणतात. ते छापले जात नाहीत, नुसती जागा धरतात. यादी छापून सुटली की शून्यं आणून भरू, असा माझा बेत. पण बाजाराच्या दिवसाआधी अंक निघायला हवा म्हणून अण्णांनी घाई केली, फर्मा मशीनवर चढला आणि मी विसरलो. सूर्याला मिळाली पंधरा वर्षं.

त्या संध्याकाळी मास्तर छापखान्यात आले. चिडलेले नव्हते, तेच वाईट. म्हणाले, "माझं हस्तलिखित जरा बघू का? माझ्याच हातून शून्यं राहिली असतील."

"कागद कुठं गेला कोण जाणे," अण्णा म्हणाले.

कागद माझ्या पाठीमागे तारेला टोचलेला होता. मास्तरांनी उलट आमचीच माफी मागितली आणि गेले. परगावचा माणूस, घरात चार लहान पोरं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, रविवारी मी सांगणार."

"सांग की! आणि सोमवारी दुसरीकडे काम बघ."

रविवारी मी शाळेत गेलोच. खिशात कागद, हातात स्टिक आणि मूठभर खिळे. अण्णाही मागोमाग आले, लग्नघरी आल्यासारखे हसत. तात्यांशेजारी इंदापूरचे पाहुणे बसले होते, मुलीचे वडील. मास्तर समोर उभे.

मी कागद तात्यांपुढे ठेवला. "शून्यं मास्तरांनी लिहिली होती. खाल्ली मी."

तात्यांनी एकेक शून्य बोटानं मोजलं. आकडे त्यांना चांगले समजत. "पंधरा लाख कोटी वर्सं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो. मग ते मास्तरांवर घसरले. "बरं, सूर्याचं ऱ्हाऊ द्या. पर जग फुगतंय म्हणता, मग माजं रान का वाढत न्हाय?"

मास्तर फळ्यावर समीकरण मांडू लागले. कमिटीतला एक जण पेंगू लागला. मला राहवेना. मी स्टिकवर तीन शब्द जुळवले, पणदरे, बारामती, इंदापूर, आणि तात्यांच्या डोळ्यांदेखत मधे दोन-दोन स्पेस जादा कोंबले.

"तात्या, अक्षरं मोठी झाली का?"

"न्हाय."

"शब्द तुटले का?"

"न्हाय. लांब लांब गेलं."

"तसंच आहे. तुमचं रान शब्दातल्या अक्षरासारखं. ते वाढत नाही. दोन शब्दांमधली जागा वाढते. बारामतीत उभं राहिलं तर इंदापूर लांब गेलं, इंदापुरात उभं राहिलं तर बारामती."

"मग मधोमध कोन?" पाहुण्यांनी विचारलं.

"कुणीच नाही," मास्तर आनंदानं ओरडले. "अहो, हे मला चार पानांत जमलं नाही!"

"आन् शेवट काय हेचा?" तात्यांनी विचारलं.

मास्तरांचा आवाज खाली आला. "ते पुंजके इतके लांब जातील की त्यांचा उजेडही आपल्याकडे पोचणार नाही. मग आपले तारेसुद्धा एकेक करून विझतील. काळोख. तो बघायलाही कुणी नसेल."

मला खरोखरच भीती वाटली, लाख कोटी वर्षं मधे असूनही.

तात्याच आधी सावरले. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बारा शून्यं हायेत म्हनं. तवर पोरीचा संसार हुईल न्हवं? आता तारीख धरा."

पाहुणे टोपी काढून डोकं खाजवू लागले. "खरं सांगू का तात्या? सूर्याचं आपलं निमित्त मिळालं. पोरगी सहावी शिकल्याली हाय. ती म्हंती, शाळंच्या चेअरमनचं पोरगं अंगठा उठवतंय, तितं मी न्हाय नांदायची."

तात्यांचे कान लाल झाले. अण्णांचं हसू मावळलं. मी स्टिकमधले खिळे उगाच चाचपत राहिलो.

मग तात्या फळ्याकडे वळले, "मास्तर, आमच्या पोराला लिवाय-वाचाय किती दिस लागतील?"

"रोज आला तर सहा महिने."

तात्यांनी कमिटीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "लिवून द्या. आन् आकडा नगं, अक्षरी लिवा."

मास्तरांची नोकरी राहिली. नवरदेव सहा महिन्यांऐवजी आठ महिन्यांत वाचू लागला आणि लग्न लागलं. मला काढलं तर तात्या चिडून शाळेचं छापकाम बंद करतील या धास्तीनं अण्णांनी तसं केलं नाही, पण महिनाभर छापून झालेले खिळे निवडून खणात टाकायला बसवलं. आमच्या धंद्यात याहून कंटाळवाणं काम नाही. बसल्या बसल्या मी एवढंच शिकलो. सूर्य विझायचा तेव्हा विझेल, आपली चूक मात्र कमिटी बसायच्या आत सांगून टाकावी.