लेकीच्या अनारशांचा गूळ

लेक बंगळुरूला नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवाळीला तिला सुट्टी मिळाली नाही. मी हळहळले, पण पोरगी माझ्यासारखीच हट्टी. फोनवर म्हणाली, "आई, मी इथंच अनारसे करीन. ते जमले म्हणजे माही दिवाळी झाली. फक्त मले तांदूळ अन् गूळ वजनात सांग."

"काहून वं? तुह्या घरी गिलास नाही का?"

"आहे, पण तो तुह्या गिलासाएवढा कुठं आहे?"

तेही खरंच. आसगावात मी सगळं माझ्या पितळी गिलासानं मोजते. गिलासभर तांदूळ भिजवायचा आणि त्याच गिलासानं किसलेला गूळ घ्यायचा, झालं. त्यात ग्रॅम किती, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं आणि विचारल्याचा थोडा रागही आला. तरी शेजारणीकडून वजनकाटा आणला. आमचे हे चष्मा लावून आकडे वाचायला बसले, धान खरेदी केंद्रावर नेमणूक झाल्याच्या थाटात. आधी तांदूळ तोलला, मग गूळ.

"दोन्ही जवळपास बराबर भरून राहिले," यांनी जाहीर केलं. मी तेच लेकीला कळवलं.

दिवाळीला अजून अवकाश होता म्हणून बरं. पीठ मुरल्यावर तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या देखत पहिला अनारसा तुपात सोडला. पडल्या पडल्या तो विरघळून कढईभर पसरला. याला आम्ही अनारसा हसला म्हणतो. दुसराही हसला, तिसराही. पोरीचे डोळे मात्र भरून आले.

"आई, सारेच हसून राहिले वं. माहं काय चुकलं?"

गूळ जास्त झाला हे उघड दिसत होतं. पण त्याच गिलासानं केलेले माझे अनारसे तर कधी हसत नाहीत!

"पुन्हा भरून दाखव बरं," हे म्हणाले. मी गिलास गुळानं भरला. यांनी पाहिलं आणि मोठ्यानं हसत सुटले. "अवो, शीग कायले लावली?"

गिलासाच्या काठावर गुळाचा चांगला ढीग उभा होता. लेकीला गोड द्यायचं तर सपाट मापानं द्यायचं नाही, वर शीग लावायची, ही आमच्या घरची रीत. घरच्या अनारशांना मी गूळ सपाटच घेते. हा गिलास लेकीचा म्हणून भरला आणि हातानं मला न विचारताच शीग लावली. माझ्या मायेनं पोरीचे अनारसे बुडवले की हो!

"आता बोटानं काढून टाक ते वरचं."

मला ते होईना. म्हटलं, तुमीच काढा. यांनी शीग हळूच उतरवली, आकडा वाचला आणि मी तो लेकीला सांगितला. तिनं तांदूळ पुन्हा भिजवला.

दिवाळीला फोटो आला. खसखस लावलेले, जाळीदार, एकही हसलेला नाही. मी तो अर्ध्या गावाला दाखवून आले, नको म्हणणाऱ्यांनाही.

उतरवलेला गूळ मात्र मी डब्यात परत टाकला नाही. वाटीत झाकून ठेवलाय. यांनी परवा चहासाठी त्याला हात लावला, तर मी ओरडले, "ठेवा तो. पोरीचा आहे."