बुधवारचा स्क्रू

"बुधवारी या."

काम कुठलंही असो, मिस्त्रीभाऊंचं शेवटचं वाक्य हेच असायचं. घड्याळ न्या, कंदील न्या, भजनाची पेटी न्या, ते आधी पेचकसाचं टोक त्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आपण बोलायला गेलो की डावा हात वर. "थांबा जी, आयकू द्या." कंदिलात ऐकण्यासारखं काय असतं हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. मग डोळे उघडायचे आणि जणू त्या कंदिलानेच वार सांगितला अशा थाटात म्हणायचे, "बुधवारी या."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. तुम्ही त्याच्यावर चिडतही असाल. मी तर भरपूर चिडलो.

आलापल्लीला वनखात्याच्या कचेरीत कारकून म्हणून गेलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि आमचे ट्रक अजून हँडल मारूनच सुरू व्हायचे. मिस्त्रीभाऊ आरागिरणीचं इंजिन आयुष्यभर सांभाळून नुकतेच निवृत्त झाले होते. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, रस्त्याला लागून त्यांचं घर. घरात ते एकटेच.

त्यांचे हात मात्र निवृत्त झाले नव्हते. सागाच्या ढलप्यांचे भोवरे कर, शेजारच्या ढिवरांच्या जाळ्यांना शिशाच्या गोळ्या ओतून दे, रानबोरीवर गोड बोराचं कलम बांध, असं सारखं चालू. धानावरचे पोपट हाकलायला त्यांनी वाऱ्यावर फिरणारी चक्री केली होती. ती डबा बडवायची. पोपट दोन दिवस घाबरले आणि तिसऱ्या दिवशी चक्रीवरच येऊन बसले. मिस्त्रीभाऊंनी त्यांच्यासाठी बसायला एक काडी लावून दिली.

धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. एका वर्षी पडद्यासाठी कप्पी त्यांनी बनवली. कप्पी झकास, पण तिची खुंटी अशी काही बसवलेली की मिस्त्रीभाऊंचा हात लागल्याशिवाय पडदा हलेना. राजा मरून पडलेला, लोक टाळ्या वाजवून दमलेले आणि मिस्त्रीभाऊ लघवीला गेलेले. शेवटी राजा उठला आणि चालत आत गेला. सगळे म्हणाले, म्हातारा चुकला. मीही तेच म्हणालो.

मग माझं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. आठवड्याला किल्ली द्यावी लागणारं, वडिलांचं. मिस्त्रीभाऊंनी ते चालू केलं, पण मागच्या पत्र्याचे चारांपैकी तीनच स्क्रू लावून दिलं.

"चौथा?"

"आटे झिजले त्याचे. दुसरा घडून देतो. बुधवारी या."

बुधवारी गेलो. चहा झाला, कलमं दाखवून झाली, स्क्रू काही झाला नाही. "पुढल्या बुधवारी या." असे चार बुधवार गेले. मी पडलो कचेरीतला माणूस, कागद तुंबला की मला झोप येत नाही. चांद्याला कामासाठी गेलो तेव्हा बाजारातून स्क्रू आणला, स्वतः बसवला आणि मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना सांगायला गेलो.

"मिस्त्रीभाऊ, तुमचं काम वाचवलं!"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "बरं केलं," म्हणाले. मांडीवरचा कीस झटकला. मग म्हणाले, "मंग आता तुमचं इथी काही काम नाई उरलं." मला वाटलं, रागावले.

त्यानंतर एका बुधवारी मी त्यांच्या घरावरून चाललो होतो. मिस्त्रीभाऊ उंबऱ्यावर बसलेले. पेचकसाचं टोक दाराच्या सागवानी चौकटीला टेकवलेलं, मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"काय ऐकताय?"

"काईच नाई," ते म्हणाले. "बुधवार आहे."

मी तसाच उभा राहिलेला पाहून त्यांनी बसायला जागा केली. "बाकीचे दिवस गिरणी बोलते जी. इंजिन कसं चालून राह्यलं, पट्टा कुठी घासते, सगळं चौकटीतून येते मले. बुधवारी बॉयलर थंडा करून साफ करतेत. मंग आवाजच नाई." ते पेचकसाची मूठ पुसत बसले. "ज्या साली रिटायर झालो त्याच साली बायको गेली. तवापासून बुधवार लई मोठा होते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटीवाले, कंदीलवाले, आम्ही सगळे बुधवारीच का आणि एक स्क्रू नेहमी बाकी का! नाटकातली ती खुंटीसुद्धा. म्हातारा कुठेच चुकला नव्हता. त्याला फक्त कोणीतरी पुन्हा यायला हवं होतं आणि मी ते काम वाचवून आलो होतो. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

घरी जाऊन घड्याळ उतरवलं आणि चौथा स्क्रू काढला. पुढच्या बुधवारी घड्याळ काखेत, स्क्रू मुठीत घेऊन गेलो. "मिस्त्रीभाऊ, पडला हो हा."

त्यांनी पत्रा उजेडात धरला. "पडला नाई. काढला. ओरखडे ताजे आहेत." आणि बाप्पा, काय हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग स्क्रू उचलून तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकला आणि झाकण लावलं. "हा बजारातला, कच्चा. चांगला घडून देतो. बुधवारी या."

पुढे पावसाळाभर मी एकही बुधवार चुकवला नाही. स्क्रूचा विषय दोघांनीही काढला नाही. ते बोलायचे, मी भोवऱ्यांना सुतळी गुंडाळायचो. एवढंच.

दिवाळीनंतर एका सोमवारी वरोऱ्याला बदलीचा हुकूम आला. मंगळवार सामान बांधण्यात गेला. बुधवारी सकाळी खात्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. ट्रक त्यांच्या दारावरूनच जाणार होता. 'जरा थांब' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. घाई होती असं पुढे लोकांना सांगितलं, पण खरं तसं नव्हतं. ड्रायव्हरसमोर डोळे भरून येतील, ही भीती होती. त्यांचं घर आलं तेव्हा मी दुसऱ्या बाजूला पाहत होतो.

उन्हाळ्यात कामासाठी आलापल्लीला जाणं झालं. दाराला कुलूप होतं. शेजारची ढिवरांची बाई अंगणात जाळं वाळवत होती. तिने मला ओळखलं.

"मिस्त्रीभाऊ गेले जी. थंडीत ताप आला, दोन दिवसांत गेले." मग जाळ्यावरचा हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही त्या बुधवारी आले नाई. दोन कप मांडून बसले होते दारात. एक टरक गेला, तं मले म्हणत, याचा वाल्व झिजला, पाह्य बाई, लंबा नाई जात हा. त्याच्यात कोन होतं, आमाले काय ठाऊक."

 आमचा तो ट्रक मूल गावाच्या पुढे खरोखरच बंद पडला होता.

"मंग कोनी सांगतलं, बाबूची बदली झाली. तं म्हणत, येतीन ना, त्याहिचा इस्क्रू माह्यापाशी आहे. तरी दर बुधवारी बसत. निरोप तं द्याचा होता जी."

"ती डबी?"

"पुतन्या आला होता गावाहून. समदं बांधून घेऊन गेला."

घड्याळ अजून चालतं. बुधवारी किल्ली देताना ते उतरवतो, तेव्हा मागच्या पत्र्यातलं चौथं भोक बोटाला लागतं. बायको म्हणते, बाजारात असले ढीगभर स्क्रू मिळतात, एक आणून लावत का नाही?

मी म्हणतो, बुधवारी बघू.