दोन धावपट्ट्यांमधलं अंतर

"विचारलं का?" असं म्हणून ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा तो चष्मा कपाळावर सरकवायचा, आणि माझ्या आठवडाभराच्या कामाची वाट लागायची.

बॉथेल या अमेरिकन गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत अलास्काच्या खेड्यांत जाणाऱ्या लहान विमानांची वेळापत्रकं बनतात. दोन विमानतळांत अंतर किती, वेळ किती, हे काढणारा प्रोग्रॅम माझा. एकदा डोंगराच्या अलीकडचं एक खेडं आणि पलीकडचं एक, यांच्यात मी पंचवीस मिनिटं दाखवली. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि सरळ पलीकडच्या खेड्यात फोन लावला. तिथला विमानतळ म्हणजे खडीची धावपट्टी, आणि विमान आलं की सामान न्यायला गाडी घेऊन येणाऱ्या एक बाई. त्या बाईंशी तो धुक्यापासून नातवंडांपर्यंत सगळं बोलला.

"यार, त्या खिंडीतून हिवाळ्यात कुणी फ्लाय करत नाही. आधी मोठ्या गावाला परत जायचं, तिथे मुक्काम, मग दुसरं विमान. दोन दिवस धर."

मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं. मीही टाळ्या वाजवल्या. तसल्या टाळ्या तुम्हीही कधीतरी वाजवल्या असतील, तेव्हा जास्त सांगत नाही.

हे ऑफिसातच राहिलं असतं तर चाललं असतं. पण मी त्याला घरी जेवायला बोलावलं. बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून कायमची इकडे आणली होती. तो दारातच "जय भीम, काकू" म्हणाला आणि आईचा चेहरा असा खुलला, की हा दारातूनच परत गेला तर बरं, असं मला वाटलं.

मग तो दर रविवारी यायला लागला. आईसमोर बसून कोथिंबीर निवडायचा. त्याच्यासाठी त्या कोथिंबिरीची सांबारवडी व्हायची. मी मागितली की "तेल फार लागतं रे" असं ऐकायला मिळायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका रविवारी निघताना, गाडीपाशी तो म्हणाला, "काकूंना परत जायचंय."

"तुला काय माहीत?"

"विचारलं."

आई माझी, घर माझं, तिच्यासाठी खालची खोली मी करून घेतलेली, आणि बातमी याच्याकडे. मी तरातरा आत गेलो. "मला काहून नाही सांगितलं?"

आई निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडत होती. "तू खोली दाखवली तेव्हा किती खूश होता. कसं सांगू?"

आई परत गेली. उन्हाळ्यात तोही नोकरी सोडून अलास्काच्या त्या मोठ्या गावी, विमान कंपनीत गेला. त्याची खुर्ची मी मागून घेतली. चांगली होती.

हिवाळ्यात नागपूरला गेलो. अक्षरं मोठी करून दे म्हणून आईने फोन हातात दिला. हवामानाचं पान उघडंच होतं. त्यात दोन गावं. वर नागपूर, खाली त्याचं.

"बॉथेल कुठे आहे यात?"

"तुझ्याकडे काय, पाऊसच असतो," आई म्हणाली. "त्याच्याकडचं धुकं गेलं का, पाह्य बरं."

गेलं नव्हतं.

"गेलं," मी म्हटलं. तेव्हा कुठे ती माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.